क्षमस्व म्हणून म्हणून थकलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दुकानावरचीही नव्हे. टीव्हीवरचा कार्यक्रम मध्येच बंद पडला की जी पाटी दिसायची, ती मी. 'प्रक्षेपणात व्यत्यय. क्षमस्व.' एवढंच माझ्यावर लिहिलं आहे आणि कोपऱ्यात एक फुलदाणी काढली आहे. तुम्ही मला पाहिलं नसेल. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांनी मला इतक्या वेळा पाहिलं आहे की माझं नाव काढताच तोंड वाकडं करतील.

खरं सांगू? मला आयुष्यभर राग येत राहिला आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. चूक कुणीही करो, माफी मी मागायची. वीज गेली, आणा पाटी. फीत अडकली, आणा पाटी. एकदा कॅमेरामन उभ्या उभ्या पेंगला आणि त्याचा कॅमेरा हळूहळू छताकडे वळला. गावोगावच्या लोकांना पाच मिनिटं आमचा पंखा दिसत होता. तेव्हाही साहेबांनी त्याला काही न बोलता मलाच पुढे केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते काही उगाच नाही.

आमचं केंद्र छोटं होतं. पूर्वी तिथे धान्याचं गोदाम होतं, म्हणून भिंती जाड आणि खिडकी एकही नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रिकामी पोती ठोकली होती. रोज संध्याकाळी सहा ते आठ असे दोनच तास कार्यक्रम चालायचे. जनावरांवर कुठला रोग आला आहे, बाजारात कशाला काय भाव आहे, उद्या हवा कशी असेल, कुठली बस रद्द झाली, मुलांसाठी गणिताचा एक धडा. मोठ्या शहरातल्या वाहिन्यांना ज्या गावांची नावंही धड घेता यायची नाहीत, त्या गावांसाठी हे केंद्र होतं. तिथल्या लोकांना दुसरं कुणी विचारतही नव्हतं.

स्टुडिओचं दार करताना प्लायवूडचा जो तुकडा उरला, त्यातून माझा जन्म झाला. केंद्राच्या पेंटरकाकांनी मला पॉलिश पेपरने घासलं, निळा रंग दिला आणि वर पांढरी अक्षरं काढली. अक्षरांवर त्यांचा हात बसलेला होता, चित्राचं मात्र अवघड होतं. कोपऱ्यात त्यांनी आधी कबुतर काढलं होतं. साहेब म्हणाले, ही कोंबडी कशाला? काका रागावले, पण गुपचूप त्या कबुतराची फुलदाणी केली. नीट पाहिलंत तर फुलदाणीला अजून चोच दिसते. माझी मागची बाजू मात्र त्यांनी तशीच कोरी सोडली. मागून कोण बघतंय, असं ते म्हणाले होते.

माझा स्टँड दारासमोर होता आणि माझ्यासाठी एक जुना कॅमेरा कायमचा लावून ठेवला होता. उन्हाळ्यात दार उघडं असलं की रस्त्यापलीकडची चहाची टपरी मला दिसायची. टपरीत आमचंच केंद्र लावलेलं असायचं. आपलं चित्र नीट जातंय की नाही, हे आमचे लोक तिथेच डोकावून बघायचे. त्यामुळे मी पडद्यावर आले की लोक काय करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. लोक उठायचे. कुणी चहाचा ग्लास परत द्यायचा, कुणी सायकल काढायचा. माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही.

आमच्या निवेदिकाबाईंची आई खालच्या गावात, नदीच्या अगदी काठावर, मुलाकडे राहायची. लेक रोज टीव्हीवर दिसते म्हणून ती माउली सहाच्या ठोक्याला टीव्हीसमोर बसायची. बाई हसत हसत सांगायच्या, "आई म्हणते, तुझी ती पाटी आली की मी भांडी घासून घेते. तोवर तू परत येतेस." सगळे हसायचे. मला काय वाटत असेल, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

आणि मग तो दिवस आला. वरच्या भागात चार दिवस पाऊस लागून राहिला होता, आमच्याकडे मात्र कोरडं होतं. सहा वाजता कार्यक्रम सुरू झाला. वीस मिनिटांनी आवाज गेला. चित्र आणि आवाज टेकडीवरच्या टॉवरकडे वेगवेगळ्या तारांनी जायचे, आणि रस्ता खणणाऱ्यांनी नेमकी आवाजाची तार तोडली होती. साहेबांनी सवयीने हात केला, मला लावलं आणि सगळे चहाला निघाले.

तेवढ्यात फोन वाजला. धरणावरून होता. पाणी फार वाढलंय, दरवाजे उघडलेत, तासाभरात पाणी खालच्या गावांत शिरेल, सगळ्यांना सांगा. खालच्या गावात एकच फोन, तोही पोस्टात, आणि पोस्ट पाचला बंद. गाडीने जायचं तर पूल ओलांडून दीड तास. उरलं काय, तर आमचं मुकं झालेलं केंद्र.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्यांनी वेळ दवडला नाही. गणिताच्या धड्याचा खडू उचलला आणि माझ्यासमोर आल्या. साहेब मध्ये आले. मंजूर मजकुराशिवाय एक अक्षर दाखवायचं नाही, असा मुख्य कार्यालयाचा नियम होता. त्यांनी तिकडे फोन लावला. तिकडचे मोठे साहेब बैठकीत होते. साहेब रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले आणि बाईंनी त्यांच्याकडे न बघता माझ्या 'क्षमस्व'खाली बारीक अक्षरात सगळं लिहून काढलं. धरणाचं पाणी सोडलं आहे, नदीकाठच्या लोकांनी उंचावर जावं, जनावरं सोडावीत. मोठी अक्षरं काढायला जागाच नव्हती. जागा माझ्या माफीने अडवली होती.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कामाचं काही लिहिलं होतं. मी मनातून ओरडत होते, अहो, वाचा! एकदा तरी नीट बघा! आणि समोर टपरीत काय चाललं होतं? माणसं उठत होती. एकाने जांभई दिली. टपरीवाला पाठ फिरवून ग्लास विसळायला बसला. दारात उभा असलेला कॅमेरामन आत वळून म्हणाला, "बाई, कुणी वाचत नाहीये हो." तोवर बारा मिनिटं गेली होती. ती बारा मिनिटं माझ्या मनातून अजून जात नाहीत. इतकी वर्षं लोकांना मी उठायचीच सवय लावली होती. मग त्या दिवशी ते का थांबतील?

बाईंनी दारातून टपरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आईसुद्धा आत्ता भांडी घासत असेल."

त्यांनी मला स्टँडवरून उचललं, उलटं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर हातभर अक्षरं काढली. 'पाणी येतंय. वर जा. गुरं सोडा.' मग त्या आपल्या खुर्चीत बसल्या, मला छातीशी धरलं आणि कॅमेरामनला म्हणाल्या, "मला दाखव." साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. या वेळी अडवलं नाही. बाई बोलू लागल्या. आवाज जात नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्या बोलत राहिल्या.

आता गंमत बघा. पाटी दिसली की माणूस टीव्हीपासून लांब जातो. पण ओळखीचं माणूस तोंड हलवतंय आणि आवाज येत नाही, असं झालं की तो जवळ येतो. टपरीत कुणीतरी म्हणालं असणार, बाई आल्या, आवाज वाढव. टपरीवाला ओल्या हाताने आला, बटण पिळलं, टीव्हीला दोन थपडा मारल्या आणि मग काचेला नाक लावून वाचू लागला. वाचलं आणि तो तसाच रस्त्यावर धावत सुटला. घरोघरी हेच झालं. माणसं आवाज वाढवायला उठली आणि वाचून बाहेर पडली.

पाणी साडेसातला खालच्या गावात शिरलं. माणूस एकही गेला नाही.

आठवड्याने त्या गावाहून दोघं जण एकाच बसने आले. एक बाईंची आई. दुसरा तिथला कोंबड्या पाळणारा. त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगितलं, "ही पाटी बघितली आणि मी टीव्ही बंद केला. चालू ठेवला असता तर माझ्या चारशे कोंबड्या वाचल्या असत्या." तो भांडायला आला नव्हता, नुसतं सांगत होता. त्याचं बोलणं मला फार लागलं. आई मात्र माझ्याजवळ आल्या, मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि पाठीवरच्या खडूला हात न लावता म्हणाल्या, "हिला मी किती शिव्या दिल्या असतील गं." माझं कौतुक म्हणाल तर एवढंच झालं.

बक्षीस यायला हवं होतं. आलं पत्र. मुख्य कार्यालयाने विचारलं होतं की मंजुरीशिवाय मजकूर का दाखवला आणि कार्यालयाची पाटी खडूने का खराब केली. बाईंनी दोन पानी खुलासा लिहून दिला. उत्तरात हुकूम आला की असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून पाटीच्या मागच्या बाजूवरही तोच मजकूर रंगवून घ्यावा. म्हणजे आता मी दोन्हीकडून माफी मागायची. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय म्हणणार?

पेंटरकाका डबा घेऊन आले. आधी पुसून घ्या की, असं साहेब म्हणाले, तर काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि खडूच्या अक्षरांवरूनच निळा हात फिरवला. वर पांढऱ्यात 'क्षमस्व' काढलं. बाईंचे डोळे भरून आले. काका डबा बंद करता करता हळूच म्हणाले, "रडू नका. खडूवर रंग धरत नाही."

पुढे केंद्राचे दिवस फिरले. कार्यक्रम लांबून तयार होऊन येऊ लागले, बाई निवृत्त झाल्या, काका गेले. माझं काम एक संगणक करू लागला आणि मला स्टोअरमध्ये तुटक्या खुर्च्यांमागे उभं केलं. तिथे माझ्या पाठीवरचा रंग पापुद्र्या-पापुद्र्याने सुटू लागला. जिथे जिथे खडू होता, बरोबर तिथूनच सुटला. आणि खालचं लाकूड उघडं पडलं. 'पाणी येतंय. वर जा. गुरं सोडा.' काकांनी शब्द पाळला होता. पण मी भिंतीला पाठ लावून उभी होते, ते बघणार कोण?

गेल्या वर्षी नदी पुन्हा फुगली. टीव्हीवर संगणकातली पाटी आली, 'थोड्याच वेळात परत येत आहोत', आणि खाली एक गोल चक्र तासभर फिरत राहिलं. बाई आता खालच्या गावात आईच्याच घरी राहतात. त्या तासभर त्या चक्रासमोर बसून होत्या. अखेर एका ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवत गाव उठवलं, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी बाई तडक केंद्रावर आल्या. नव्या साहेबांना म्हणाल्या, निदान चार ओळी लिहिता येतील असं काहीतरी ठेवा. साहेब म्हणाले, सगळं वरून येतं, इथून काही लिहिता येत नाही. त्या संगणकातल्या पाटीला पाठच नाही, मित्रांनो. उलटवणार कशी?

मग बाई स्टोअरमध्ये आल्या. खुर्च्या बाजूला केल्या, मला फिरवलं आणि उघडी पडलेली अक्षरं पाहून खाली फरशीवरच बसल्या. मला घरी न्यायला त्यांनी परवानगी मागितली. अर्ज करा, असं उत्तर मिळालं. जाताना त्यांनी मला अक्षरं बाहेर करून उभं केलं. दुसऱ्या दिवशी स्टोअरवाला आला. रंग उडालेली बाजू बरी दिसत नाही, असं पुटपुटत त्याने मला परत उलटं केलं.

तेव्हा आज मी पुन्हा खुर्च्यांकडे बघत क्षमस्व म्हणत उभी आहे. मला धूळ पुसून नको, नवा रंग तर मुळीच नको. तुम्ही मोठे व्हाल, कुणी इंजिनिअर व्हाल, कुणी साहेब. तेव्हा माफी मागणारी पाटी जरूर करा, पण तिची एक बाजू कोरी ठेवा. आणि कधी या बाजूला आलात तर स्टोअरच्या डावीकडच्या कोपऱ्यात मला शोधा. मला फिरवा. येताना एक खडू घेऊन या.