सोफा घरचा की सिनेमातला?

मी सोफा. तीन माणसांचा, सागवानी. इथपर्यंत माझा काही घोळ नाही. घोळ यापुढे आहे.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी एका सुताराने मला घडवलं आणि इंदूबाईंनी मला बूढापाऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. माझ्या पाठीवर त्यांनी क्रोशाचे रुमाल घातले आणि फर्मान काढलं, की सोफ्यावर बसून कोणी काही खायचं नाही. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

त्यांचे यजमान शालिग्राम. आधी मुंबईत आणि मग इथे, ते सिनेमावाल्यांच्या पैशांचं काम पाहायचे. त्या वर्षांत छत्तीसगढी सिनेमे धडाधड निघत होते. दिग्दर्शकाने वीस नाचणाऱ्या मुली मागितल्या की शालिग्राम आठ मंजूर करायचे. खोटं बिल दिसलं की निर्मात्याच्या तोंडावर परत करायचे. अख्खी सिनेमा लाइन त्यांना 'कैची भैया' म्हणायची.

एका संध्याकाळी ते माझ्यावर बसले आणि म्हणाले, "इंदू, मी स्वतःच पिक्चर काढतो."

"काहून? दुसऱ्याचे सांभाळता ते पुरत नाही का?"

"सगळ्याइले नाही म्हणू म्हणू थकून गेलो. एखाद्याले हो म्हणून पाहतो."

पण निर्माता झाल्यावर पहिलं 'नाही' त्यांनी लगेच म्हटलं. फर्निचर भाड्याने? छे! घरात सोफा असताना? चौथ्या दिवशी मी मॅटाडोरमध्ये, थेट शूटिंगला.

तिथे जे पाहिलं ते आजही माझ्या डोक्यात बसत नाही. पहिल्याच दिवशी एक म्हातारा माझ्यावर मेला. लेकी-सुनांनी गळा काढला. मीही मनातून हललो. तर म्हातारा उठून बसला, भजी मागितली, खाल्ली, हात माझ्या कापडाला पुसले आणि पुन्हा मेला! त्या दिवशी तो पाच वेळा मेला. आता तुम्हीच सांगा, मी कितव्या वेळी रडायचं होतं?

मग हे चालूच राहिलं. एक सिनेमा चालला, दोन पडले, मी प्रत्येकात होतो. कधी मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात, कधी पोलिस ठाण्यात. मी नसताना घरी पाहुणे आले की सतरंजीवर बसायचे आणि इंदूबाईंचा पारा चढायचा. परत आलो तरी माझा घोळ संपेना. इंदूबाई हसल्या की मी वाट पाहायचो, आता यांना हेच पुन्हा हसायला लावतील. कोणी लावायचं नाही. घरी माणसं एकदाच बोलतात आणि चुकलं तरी ते तसंच राहतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

त्यांची मुलगी अनुश्री मोठी होऊन बापाच्याच कामात शिरली. 'खोटं बिल घ्यायचं नाही, लावायचं नाही,' हे शालिग्रामांनी तिला माझ्यावर बसूनच शिकवलं. पोट्टी उत्तर हिंदीत द्यायची, पण ऐकायची सगळं.

तिला अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा अनिमेष, इंजिनिअर. दोघं महिनाभर फोनवर बोलत होती, आणि त्याचं नाव निघालं की अनुश्रीला उगाच काहीतरी काम आठवायचं. मंडळी रविवारी बघायला येणार असं ठरलं. आणि मी कुठे? तेलीबांध्याच्या तळ्याजवळ, एका बंगल्यात. तो शूटिंगसाठी चार दिवस घेतला होता.

इंदूबाई तणतणत तिथे आल्या. "सोफा घरी न्या. पाहुणे काय सतरंजीवर बसवू?"

"अर्धा सीन झाला, हलवता येत नाही," शालिग्राम म्हणाले. "त्याहीलेच इकडं बोलावू."

"इथं? हे काय आपलं घर आहे?"

"आपलं आहे म्हणून कोण सांगून राहिलं? फक्त, आपलं नाही असंही सांगायचं नाही."

रविवारी अमरावतीची मंडळी आली. त्याच आठवड्यात, त्याच जागी, सिनेमातल्या नायिकेलाही लोक बघायला आले होते. एकदा नाही, नऊ वेळा. मला वाटलं ही दहावी खेप, फक्त नट बदललेत. मुलाची आई सुनीतीबाई तर मला फारच कसलेल्या वाटल्या.

त्यांनी चहूकडे नजर फिरवली. "घर सुरेख आहे हो तुमचं. बांधून किती वर्षं झाली?"

शालिग्रामांनी घसा खाकरला. "झाली... सहा-सात."

हे वाक्य सिनेमात नव्हतं. अनुश्रीने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

"काकू, हा बंगला आमचा नाही. शूटिंगसाठी घेतला आहे. आमचं घर बूढापाऱ्यात, दोन खोल्यांचं. इथं आमचं काही असेल तर एवढा सोफा."

माझी छाती फुगली, आणि लगेच भीतीही वाटली, कारण सुनीतीबाई उठल्या. "कळवतो," म्हणाल्या. अनिमेष दारापर्यंत मागे वळून वळून पाहत होता, पण गेला. आता ही मंडळी परत येतील, नव्याने बसतील, म्हणून मी वाट पाहिली. कोणी आलं नाही.

दिग्दर्शक आत आला. "भैया, शॉट रेडी है."

"आज कॅन्सल," शालिग्राम म्हणाले. भाड्याचा अख्खा दिवस कैची भैयांनी वाया जाऊ दिला. मॅटाडोर मागवली, मला चढवलं. इंदूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि मागे, उघड्यावर, बाप-लेक माझ्यावर.

तळं मागे पडलं तेव्हा बाप बोलला. "माझ्यापायी गेलं ना तुझं स्थळ?"

अनुश्री रडत होती. "स्थळ दुसरं येईल, बाबा. बाप दुसरा कुठून आणू?"

शालिग्राम माझ्या हातावर डोकं टेकवून रडले. सिग्नलवरचे स्कूटरवाले पाहत होते, पण त्यांना पर्वा नव्हती. घरी उतरवताना माझा डावा पाय मोडला. तेव्हापासून त्याखाली लाकडी ठोकळा आहे.

दोन महिने अमरावतीहून काही कळलं नाही. अनुश्रीने विचारणंही सोडलं. आणि परवा सुनीतीबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमचं घर पाहायचं राहिलं."

आज आलेत सगळे. शालिग्रामांनी स्वतः दार उघडलं आणि कोणी चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं, "ताई, घर एवढंच आहे. मागचा पिक्चर पडला. सोफ्याचा एक पाय मोडका आहे, सांभाळून बसा."

सुनीतीबाई हसल्या. "त्या दिवशी एवढंच सांगितलं असतं ना भाऊ, तर आम्ही उठलोच नसतो."

हे सिनेमातलं की घरचं, ते मला विचारू नका. माझी मती आता चालत नाही. पण आतल्या खोलीतून अनुश्री येतेय, अनिमेष उगाच घड्याळाकडे पाहतोय, आणि सुनीतीबाई माझ्यावर बसताहेत, तेही नेमक्या डाव्या बाजूला. तेव्हा राम राम, निघा तुम्ही. मला आता अजिबात हलायचं नाहीये.