चौदाव्या धड्यातली बहीण

मी इंग्रजी व्याकरणाची सरावाची पुस्तकं लिहितो. वाक्यं द्यायची, मधे रिकाम्या जागा सोडायच्या, शेवटी उत्तरं छापायची. नियम माझ्या पहिल्या दोन पुस्तकांतच संपले. अडचण असते ती वाक्यांची. एका धड्याला बारा लागतात, आणि मांजर चटईवर किती वेळा बसवणार?

सहा वर्षांपूर्वी एका पुस्तकाचा चौदावा धडा माझ्या मानगुटीवर बसला होता. एखादी गोष्ट केली नाही म्हणून माणसाला विशेषण कसं लावायचं, असा तो धडा. तो गेला नाही म्हणून वाचला: लकी नॉट टू गो. तिने ऐकलं नाही म्हणून मूर्ख: फूलिश नॉट टू लिसन. न केलेल्या कामाबद्दलही माणसाला शेरा देणारी भाषा आहे ती. प्रकाशकांना पाच वाजेपर्यंत पानं हवी होती, साडेतीन झाले होते आणि डोकं ठार बंद होतं. तेवढ्यात ताई आली.

ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पट्ट्यावरून बाटल्या येतात, बाटलीवरचं लेबल आणि हातातला नमुना जुळतो का ते ती बघते. इंग्रजी येत नसताना नुसत्या अक्षरांच्या आकारावरून तिने कितीतरी चुकीची लेबलं पकडली आहेत. त्या दिवशी ती ड्यूटी संपवून आली, माझ्या टेबलाखाली केर काढला, चहा टाकला, मला शहाण्या म्हणाली आणि गेली. ती मला लहानपणापासून शहाण्याच म्हणते. कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलं नाही.

ती गेली आणि वाक्यं भराभर सुचली. तिने शाळा पुरी केली नाही, मूर्ख होती. चांगल्या स्थळाला हो म्हटलं नाही, चुकली. हसताना पडलेला दात दिसू नये म्हणून जपायची. बारापैकी नऊ वाक्यं मी माझ्या बहिणीवर लिहिली. नाव कुठेच नव्हतं, सगळीकडे नुसतं ‘ती’. शेवटचं वाक्य लिहिताना तर मी स्वतःशीच हसलो. ही वॉज रिलीव्ड नॉट टू इंट्रोड्यूस हर. तिची ओळख करून द्यावी लागली नाही, म्हणून तो सुटला.

तेही खरंच होतं. त्याच्या महिनाभर आधी माझ्या दहाव्या पुस्तकाचा समारंभ झाला. ताई कामावरून थेट आली होती. कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा लाल वळ, हातात डब्याची पिशवी. मी दोन मुख्याध्यापकांशी बोलत होतो आणि ती दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ओठ मिटून हसत होती. मी बोलतच राहिलो. मग मुख्याध्यापक चहाला गेले, ती घरी गेली. एवढंच झालं. पुस्तक मात्र चांगलं खपलं.

या वर्षी कारखान्याने नियम काढला की लाइनप्रमुख व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. ताईने पन्नाशीत नाव घातलं. मी तिची पोटभर चेष्टा केली, आता मला शहाण्या म्हणायचं इंग्रजीत, वगैरे. तिने पिशवीतून वर्गाचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. वर खाकी कव्हर, कव्हरवर तिचं नाव तिच्याच हाताने इंग्रजीत. आत माझं. पुस्तक तेच, चौदाव्या धड्याचं. कारखान्याने वर्गासाठी बारा प्रती घेतल्या होत्या. सगळ्या वर्गाला सांगितलंय, भावाचं पुस्तक आहे म्हणून, असं ती म्हणाली. त्यांचा नववा धडा चालू होता.

मी मनात हिशोब केला. आठवड्याला एक धडा, म्हणजे चौदाव्याला पाच आठवडे. मी म्हणालो की ही जुनी आवृत्ती, फार चुका आहेत, मी नवीन आणून देतो. ती म्हणाली की चुका तिला सापडतील, तिचं कामच ते आहे.

मग मी नको ते केलं. वर्गाच्या मॅडमना फोन लावला. तिशीची, उत्साही बाई. चौदावा धडा परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही, वगळलात तरी चालेल, असं मी लेखकाच्या अधिकारात सुचवलं. मॅडम म्हणाल्या की पुस्तकातला तोच तर त्यांचा आवडता धडा, बाकी सगळीकडे पाऊस आणि मांजरं, या एका धड्यात मात्र खरा माणूस आहे. एवढ्यावर थांबल्या नाहीत. चौदावा धडा येणाऱ्या बुधवारी मला वर्गात पाहुणा म्हणून बोलावलं, आणि मी हो म्हणून बसलो. म्हटलं, आपण समोर असलो तर काहीतरी करून विषय बदलता येईल. भित्र्या माणसाला अशाच युक्त्या सुचतात.

बुधवारी साडेचारला मी कारखान्याच्या फाटकावर पोचलो. वॉचमनने नोंदवही पुढे केली. नाव, वेळ, कोणाकडे, आणि शेवटी नात्याचा रकाना. मी लिहिलं: इंग्रजी वर्ग. नात्यापुढे इंग्रजीत लिहिलं: काही नाही. का, ते मला विचारू नका. हात लिहून मोकळा झाला.

वर्ग कँटीनमध्ये भरायचा. टेबलं पुसून ओळीने लावलेली, फिनाइलचा वास, अकरा बायका आणि प्रत्येकीच्या कपाळावर तो लाल वळ. मॅडमनी माझं स्वागत केलं आणि धडा वाचायला उभं केलं ते कोणाला? लेखकांच्या बहिणीला, अर्थात. मी विषय बदलायला तोंड उघडलं, तोवर ती उभी राहिली होती.

ताईने पुस्तक लांब धरून एकेक वाक्य वाचलं. उच्चार स्वच्छ होते. शाळेचं वाक्य, स्थळाचं वाक्य. दाताच्या वाक्याला मागच्या दोघी हसल्या आणि एक म्हणाली, बिचारी कोण आहे ही बाई? मॅडमनी तोच प्रश्न कौतुकाने माझ्याकडे टोलवला. अकरा जणी माझ्याकडे बघत होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते मला त्या कँटीनमध्ये कळलं.

उत्तर ताईने दिलं. “कोणी नाही हो. लेखक मनचं लिहितात.” आणि तिने बारावं वाक्य वाचलं. तेवढ्याच आवाजात, न अडखळता. मग ती खाली बसली आणि रिकाम्या जागा भरायला लागली.

पुढचा तासभर मी काय बोललो, मला आठवत नाही. टाळ्या वाजल्या एवढं खरं.

कँटीनपासून फाटकापर्यंत लांबलचक सिमेंटचा रस्ता आहे. अर्धा रस्ता चालून झाला. मग मी म्हणालो, “ताई, तो धडा...”

“तीन आठवड्यांपूर्वीच वाचला मी,” ती म्हणाली. “जेवणाच्या सुट्टीत, डिक्शनरी घेऊन. लेबल आणि माल जुळतो का, बघितलं. एक सोडून सगळं जुळलं.”

कुठलं, ते तिनेच सांगितलं.

“शाळेचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा एकाला घरी थांबायचं होतं. मी मोठी होते, मी थांबले. त्यात मूर्खपणा कुठला आला? पुढच्या आवृत्तीत तेवढं सुधार.”

मी हो म्हणालो. सहा वर्षांत त्या वाक्याकडे मी एकदाही परत बघितलं नव्हतं. तिच्यामुळे मी शाळेत गेलो, तिच्यामुळे मला वाक्यं लिहिता आली, आणि त्याच वाक्यांनी मी तिला मूर्ख ठरवलं होतं. मला माझीच किळस आली.

“आणि शेवटचं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

ताई चालायची थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ते बरोबर आहे रे,” ती म्हणाली. “फक्त मला वाटायचं, गडबडीत तू विसरलास. सहा वर्षं मी तसंच धरून चालले होते.”

ती रडली असती, चार शब्द सुनावले असते, तर मी माफी मागितली असती. पण ती पुढे चालायला लागली होती. मी मागोमाग गेलो, शाळेत पहिल्या दिवशी तिच्या मागे चालत गेलो होतो तसा.

फाटकावर वॉचमनने तिला बघून मान हलवली. “काय ताई, सकाळपासून सांगत होतात, भाऊ येणार म्हणून. आलेच नाहीत का? मी खुर्ची काढून ठेवली होती.” खरंच, त्याच्या केबिनच्या दारात एक पुसलेली खुर्ची होती.

ताईने माझ्याकडे बघितलं. मग टेबलावर उघड्या पडलेल्या नोंदवहीकडे. तिने वाकून बोट ठेवलं आणि माझ्या नावापासून शेवटच्या रकान्यापर्यंत बोट सरकवत नेलं. वर्षभरापूर्वी तिला त्यात नुसते आकार दिसले असते.

बोट तिथे थांबलं. मला वाटलं होतं की आजच्या दिवसाची लाज सगळी संपली. ती तर तिथे शिल्लक होती. मी झडप घालून पेन उचललं.

“खाडाखोड नाही चालत साहेब,” वॉचमन म्हणाला. “वही ऑफिसात जाते.”

मी पेन धरून तसाच उभा राहिलो. ताईने ते माझ्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि वहीच्या घडीत ठेवलं.

“हाच माझा भाऊ,” तिने वॉचमनला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढच्या बुधवारी ये. तेव्हा नीट भर.”