दुसरा नंबर

ताईने गठ्ठ्यातून एक कागद काढला, त्यावरचं नाव तळहाताखाली झाकलं आणि तो शेजारच्या टेबलावर सरकवला.

"एवढा एक फोन तू कर. माझी लाइन आज फार खरखरतेय."

"द्या की," मैना म्हणाली. हजेरीपटावर तिचं दुसरंच नाव होतं, पण आवाज इतका गोड की पहिल्याच आठवड्यात तिची मैना झाली होती. ताईचंही तसंच. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा शिपाईसुद्धा.

काम सोपं होतं. राज्यभरातल्या व्यसनमुक्ती केंद्रांतून जे बाहेर पडले, त्यांच्या घरी सहा महिने संपायच्या आत फोन करायचा, सात प्रश्न विचारायचे आणि चौकोनांत खुणा करायच्या. भिंतीवर आलेख लावला होता. सहा महिन्यांनंतरही व्यसनापासून दूर राहिलेले लोक तीन वर्षांत शंभरात एकेचाळीसवरून त्रेसष्टवर गेले होते. साहेब उद्या तो आलेख वरच्या बैठकीत दाखवणार होते आणि सकाळपासून स्वतःच्याच लग्नाला निघाल्यासारखे वावरत होते. तीन वर्षांपूर्वी घरोघर जाऊन चौकशी करायची पद्धत बंद झाली आणि फोन सुरू झाले. रेघ त्याच वर्षी वर चढायला लागली. याचं कोणाला नवल वाटलं नव्हतं, ताईलाही नाही.

उलट नियमांना तिच्याइतकं धरून कोणी नव्हतं. गेल्या वर्षी मैनाने एका कागदावर 'आवाजावरून खोटं वाटतं' असा शेरा मारला होता. ताईने तो खोडला.

"आपण कान आहोत, डोळे नाही," ती म्हणाली होती. "ऐकू आलं तेवढंच लिहायचं."

आता तिने पुढचा कागद ओढला आणि वाचायचं सोंग घेतलं. मैना नंबर फिरवत होती. तो नंबर ताईला पाठ होता. तो तिच्या माहेरचा नंबर होता.

भाऊ वायरमन. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला. पाठीसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. नव्वद दिवस केंद्रात काढून तो घरी आला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि साडेचार महिने त्याने गोळीकडे पाहिलंही नाही. मग पुन्हा सुरू झालं. आईने ते महिनाभर पोटात ठेवलं. ताईला आठ दिवसांपूर्वी कळलं तेव्हा ती धावत केंद्रात गेली. तिथे त्यांनी हात वर केले. सहा महिन्यांच्या आत फोनवर 'पुन्हा सुरू' अशी नोंद झाली तर रुग्णाला आठवड्याभरात खाट मिळते. ती नोंद राज्याच्या कार्यालयातूनच यावी लागते. सहा महिने उलटले की फाइल बंद. मग नव्याने रांगेत उभं राहायचं, आणि रांग सध्या नऊ महिन्यांची आहे.

त्याचे सहा महिने आज संपत होते, आणि फोनांच्या यादीत त्याचा नंबरही आजचाच होता.

नऊ महिने तो काढणार नाही, हे ताईला आज सकाळी कळून चुकलं होतं. ऑफिसला येताना ती माहेरी डोकावली, तर आई न्हाणीघराच्या बंद दाराशी नुसती उभी होती. आत नळ वाहत होता. दोघींनी खांदे लावून दार उघडलं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे ओठ निळसर पडले होते. ताईने त्याच्या थोबाडीत मारल्या, पाणी मारलं, पुन्हा थोबाडीत मारल्या. बऱ्याच वेळाने त्याने श्वास ओढला. ताई दवाखान्याची गाडी बोलवायला निघाली तर आईने तिचा पदर धरला.

"नको गं. सगळी आळी बघेल."

निघताना ताईने तिला दहादा बजावलं होतं. आज फोन येईल. मी घरचीच, मला करता येत नाही, दुसरी मुलगी करेल. तिला खरं सांग. तेवढं एकच काम कर.

"सांगेन," आई म्हणाली होती.

"नमस्कार," मैनाने मध घोळवला. "आई बोलताय का? ... हो, त्याच कार्यालयातून. ... अरे वा! ... रोज जातो कामाला? ... आणि झोप? ... बरं. पुन्हा कधी घेतली नाही ना? ... एकदाही नाही. छान, छान."

प्रत्येक 'छान'बरोबर मैनाचं पेन एक खूण करत होतं.

"किती गोड बोलल्या हो," फोन ठेवत मैना म्हणाली. "मुलगा आत्ताच डबा घेऊन कामावर गेला म्हणे. तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यांचं भलं होवो म्हणाल्या."

झाकली मूठ सव्वा लाखाची. आईचा ताईला राग आला, आणि तो लगेच स्वतःवरच उलटला. या टेबलावर बसून तिनेही वेगळं काय केलं होतं? जेवणाच्या सुट्टीत कोणी विचारलं तर भाऊ बाहेरगावी नोकरीला असायचा. लग्नानंतरच्या आडनावाने तिला चांगलं झाकून घेतलं होतं. रोजच्या शंभर 'छान' खुणांपैकी किती घरांत न्हाणीघराचं दार बंद होतं, हे ती स्वतःला आजच विचारत होती.

मैनाने 'फाइल बंद'चा शिक्का उचलला.

"थांब," ताई म्हणाली. "खाली दुसरा नंबर आहे बघ. तो लाव."

"कशाला? पहिल्याने चांगलं सांगितलं की दुसरा लावत नाही आपण. उत्तरं वेगळी आली तर वाईट असेल ते धरावं लागतं, साहेब चिडतात."

"लाव तू."

मैनाने खांदे उडवले. कागदावर 'बहीण' एवढंच लिहिलं होतं आणि पुढे आकडे. तिने ते एकेक करून फिरवले.

ताईच्या डब्याशेजारी ठेवलेला मोबाइल वाजू लागला.

"ताई, तुमचा वाज—" मैना म्हणाली आणि थांबली. तिने हातातल्या रिसीव्हरकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या. साहेबांच्या केबिनचं दार उघडंच होतं.

ताईने मोबाइल उचलून कानाला लावला.

"बोला. मी बहीण बोलतेय."

दोघींच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं. मैनाने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"विचार ना," ताई म्हणाली. "पहिल्या प्रश्नापासून विचार. सातही."

"पेशंट..." मैनाचा आवाज चिरकला. "पेशंट सध्या कुठे असतो?"

"घरी. कामावर जात नाही, महिना झाला. आज सकाळी न्हाणीघराची कडी काढून टाकली मी, त्याच्याच पेचकसाने." ताईने डोळे पुसले नाहीत. "लिहितेस ना?"

मैनाने शिक्का बाजूला ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.