सावेंचा फोन वाजत नाही

मसोलीच्या एकनाथ सावेंकडे फोन आला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, इथपर्यंत ठीक होतं. पेढ्यांबरोबर त्यांनी नंबरही वाटला, तिथे घोडं अडलं.

फोनसाठी अर्ज केला होता त्यांच्या वडिलांनी. फोन आला तेव्हा वडील भिंतीवर हार घालून बसले होते. त्यामुळे काळं डबडं टेबलावर बसल्यावर एकनाथरावांना आधी भरून आलं, मग अभिमान चढला, आणि अभिमान चढला की हा माणूस दानशूर व्हायचा. ज्याच्या घरी फोन नाही त्याने शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. असं लिहायचं, ही तेव्हा सगळीकडचीच रीत. पण शेजारी चार वेळा घुटमळून, साखर मागायला आल्यासारखा चेहरा करून विचारतो, तेव्हा आपण हो म्हणायचं असतं. एकनाथराव स्वतः दारोदार फिरले. आमचा फोन तो तुमचाच फोन, बिनधास्त नंबर द्या, म्हणाले. जयमालाबाईंनी एकदाच सांगून पाहिलं, की अहो, लोक खरंच देतील. एकनाथराव म्हणाले, द्यावाच म्हणून तर सांगतोय.

लोकांनी दिला. नोकरीच्या अर्जांवर दिला, लग्नपत्रिकांवर छापला, रबरी शिक्क्यात घातला. गल्लीतल्या एकाचा साडू अच्छाडला ढाबा चालवत होता, त्याने तो ढाब्याच्या पाटीवर रंगवून घेतला. ढाब्यावर जेवणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटलं, चांगला नंबर दिसतोय, त्यांनी तो आपापल्या बायकांना कळवला. मग सुरतेहून, वापीहून, कुठल्या कुठल्या गावांहून बायका विचारू लागल्या, आमचा माणूस तुमच्याकडून निघाला का. एकनाथराव ताटावरून उठायचे, 'धरा हं' म्हणायचे आणि बोलवायला धावायचे. गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या रखमाबाईंना हाक मारली तर त्या काठी शोधून, पदर सारखा करून, वाटेत दोघांची विचारपूस करून येईपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवायचा, आणि रखमाबाई आल्यासारख्या चहा पिऊन जायच्या. या सगळ्यात ज्यांना खरोखर सावेंशीच बोलायचं असेल त्यांना नंबर लागेना. त्यांच्या वाडीतल्या चिकूचा व्यापारी भाव सांगायला तळमळे. जयमालाबाईंचा सख्खा भाऊ शेवटी पोस्टकार्ड टाकू लागला.

तरी एकनाथरावांनी हे हसून सोसलं असतं. पण त्याच सुमारास अदितीला बघायला तलासरीचे राऊत येऊन गेले.

अदिती त्यांची एकुलती एक मुलगी, डहाणूला शाळेत गणित शिकवायची. राऊतांचा मुलगा दर्शन वापीला रंगाच्या कारखान्यात होता. त्याचे वडील गोविंदराव निवृत्त मंडळ अधिकारी, साऱ्या तालुक्याच्या जमिनी पायांखाली घातलेले. मुलामुलीला ओट्यावर बोलायला बसवलं, तर ती दोघं उठेचनात. आतून दोनदा हाका गेल्या. पाहुणे गेल्यावर अदितीने धुतलेले कप पुन्हा धुतले, ते जयमालाबाईंनी पाहिलं आणि रात्री नवऱ्याला सांगितलं. एकनाथरावांना मुलगा आधीच पसंत होता. आता तर त्यांचा जीवच त्या स्थळात अडकला.

गोविंदराव निघताना म्हणाले होते, घरी विचार करून आठवड्याभरात फोन करतो. त्यांच्या घरी फोन नव्हता, पण नाक्यावर होता. आणि मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. मुलीचा बाप वाट बघतो. वाट बघणं हेच त्याचं काम. आता ज्या फोनची वाट बघायची तो अष्टौप्रहर सुरतेच्या बायकांनी व्यापलेला, म्हणजे आली का पंचाईत.

अशा वेळी यतीन उगवला. यतीन त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, मुंबईला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेला, डहाणू रोड स्टेशनसमोर एसटीडी बूथ चालवणारा. तो म्हणाला, काका, हा तुमच्या फोनवर हल्ला आहे. एकनाथराव म्हणाले, अरे, आपलीच माणसं आहेत सगळी. यतीन म्हणाला, हल्ला आपलीच माणसं करतात, परक्यांकडे नंबर कुठून येणार?

त्याची योजना अशी होती. एक्स्चेंजमध्ये नवी सोय आली होती, एका नंबरावर आलेला फोन परस्पर दुसरीकडे वळवता येत होता. सावेंचे सगळे फोन यतीनच्या बूथवर वळायचे. तिथे सोनल नावाची कडक मुलगी बसणार, ती फोन करणाऱ्याची परीक्षा घेणार. पास होईल त्याचा निरोप बूथवरचा पोऱ्या काकड्या सायकलवरून मसोलीला पोचवणार. नापास तो बाहेर. शिवाय लोक जे पुन्हापुन्हा विचारतात त्याची उत्तरं तयार करून तलासरी, अच्छाड आणि वाढवणच्या बूथांवर आधीच पाठवून ठेवायची. माणसाने आपल्या जवळच्या बूथवर जावं, उत्तर घ्यावं, घरी जावं. डहाणूपर्यंत फोन लावायची गरजच नाही. एकनाथरावांना हे इतकं पटलं की त्यांनी यतीनच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायचा बंद झाला. घरात अशी शांतता पसरली की जयमालाबाईंना फ्रीजचा आवाज प्रथमच ऐकू आला. एकनाथराव पहिल्यांदा अख्खी पोळी बसून जेवले. यतीनने लगेच बूथवर 'ग्राहकांचे अनुभव' असा मोठा फलक लावला आणि काकांकडून पहिला अनुभव मागून घेतला: 'आता माझा फोन वाजतच नाही. — एकनाथ सावे, मसोली.' तो वाचून डहाणूतल्या एका डॉक्टरांनी आणि दोन वकिलांनी सेवा घेतली. वकिलांचा फोन वाजेनासा झाल्यावर त्यांचे पक्षकार दुसऱ्या वकिलांकडे गेले. तेही अनुभवच होते, पण फलकावर लिहिले नाहीत.

सावेंच्या परीक्षेत पहिला प्रश्न असे, त्यांच्या दारात कसलं झाड आहे. जयमालाबाईंचा भाऊ म्हणाला, पारिजात. पारिजात मागच्या वादळात पडला होता, भाऊ नापास झाला. सुरतेच्या बायकांनी मात्र एकमेकींना उत्तर कळवलं होतं, त्या धडाधड पास होऊ लागल्या आणि काकड्या दिवसभर त्यांचे निरोप वाहू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. एकदा एकनाथराव चिकू घेऊन मुंबईला मार्केटात गेले, तिथून त्यांनी घरी फोन लावला. सोनलने झाड विचारलं. ते म्हणाले, अगं मी एकनाथ सावे. सोनल म्हणाली, सगळे तसंच म्हणतात. त्यांनी झाड सांगितलं, बायकोचं माहेर सांगितलं, विहिरीला पायऱ्या आहेत तेही सांगितलं. तेव्हा तिने त्यांना संशयिताच्या खात्यात टाकलं, कारण खऱ्या माणसाला इतकं सगळं चटकन आठवत नाही. आपलीच मोरी नि अंघोळीची चोरी, असं बडबडत ते रेल्वेने घरी आले.

या गमतीजमतीत आठवडा उलटला, दुसरा सरला. गोविंदरावांचा फोन नाही. एकनाथराव रोज बूथवर जाऊन विचारायचे, तलासरीचं काही? यतीन ऐटीत सांगायचा, काका, एकसुद्धा आत शिरू दिला नाही. अदिती काही विचारत नव्हती. पण शाळेतून आली की काकड्या आला होता का, एवढं तिच्या डोळ्यांत यायचं, आणि ते बघवत नसल्यामुळे एकनाथराव वाडीत जाऊन उगाच पाटाचं पाणी वळवत बसायचे.

मग एका लग्नात जयमालाबाईंना बातमी लागली. गोविंदराव सगळ्यांना सांगत होते की सावेंनी आमच्या मुलाला नकार दिला. मुलीकडच्यांनी. आपण होऊन. पत्रिका जुळत नाही म्हणाले, जी पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

एकनाथराव तसेच बूथवर गेले. मागून अदितीही आली, शनिवार होता, शाळा सकाळची सुटली होती. चौकशी केल्यावर उलगडलं ते असं. रखमाबाईंच्या नातीला, रूपीला, चार-पाच स्थळं येत होती आणि तीही सावेंच्याच नंबरावर विचारत. रखमाबाईंना एकही पसंत नव्हतं. त्यांनी यतीनला सांगून ठेवलं, मुलीचं काय ठरलं विचारलं की सांगायचं, पत्रिका जुळत नाही. यतीनच्या हिशेबी नंबर एक, प्रश्न एक, तेव्हा उत्तरही एक. ते त्याने तिन्ही बूथांवर पाठवलं. गोविंदराव तलासरीच्या नाक्यावर फोन करायला गेले, तर बूथवाल्या चिमणने त्यांचा फोनचा खर्च वाचवला.

एकनाथरावांचा आवाज चढला. ते उत्तर आत्ताच्या आत्ता पुसून टाक, म्हणाले. यतीन शांतपणे म्हणाला, काका, पुसता येत नाही. जागा रिकामी ठेवली तर तिथल्या लोकांची गर्दी थेट इथे येईल. नवीन उत्तर द्या, जुनं आपोआप जाईल.

नवीन उत्तर काय देणार? आमचा होकार आहे, असं मुलीकडच्यांनी नाक्यानाक्यावर आधीच जाहीर करायचं? पिढ्यान्‌पिढ्यांत कुणी केलं नव्हतं ते. एकनाथराव तडक बाहेर पडले आणि समोर लागलेल्या तलासरीच्या एसटीत चढले. अदिती मागेच राहिली, हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही.

गोविंदराव ओट्यावर पेपर वाचत होते. या, बसा, असं म्हणाले, पण पेपर खाली ठेवला नाही. दर्शनची रात्रपाळी असल्यामुळे तो घरीच होता. तो दारात येऊन उभा राहिला आणि आत गेला नाही. एकनाथरावांनी सगळं सांगायला सुरुवात केली. झाड, पारिजात, सुरतेच्या बायका, रूपीची आजी. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटू लागलं. खरं इतकं बावळट असू शकतं यावर ऐकणाऱ्याने का विश्वास ठेवावा? ते शेवटी एवढंच म्हणाले, "गोविंदराव, माझ्या मुलीचं वाईट होऊ देऊ नका. चूक माझ्या फोनची आहे."

गोविंदरावांनी पेपराची घडी घातली. आयुष्यभर हद्दीचे तंटे सोडवलेला माणूस, दोन्ही बाजूंचं ऐकून कधी निकाल द्यायचा नाही, जागेवर जाऊन खुंट बघायचा. "चला," ते म्हणाले. "नाक्यावर जाऊ. पंचनामा करू."

नाक्यावर एसटीची वाट बघणारी वीस-पंचवीस माणसं उभी होती. दर्शन स्कूटर ढकलत मागून आला. चिमणच्या बूथसमोर एक ट्रकवाला उभा होता, त्याला घरी काही कळवायचं होतं. गोविंदराव पुढे झाले आणि म्हणाले, मसोलीला सावेंकडे फोन लाव, मुलीचं काय ठरलं ते विचारायचंय.

"साहेब, फोन कशाला लावता?" चिमण म्हणाला. "जवाब इथेच आहे ने. ताजा आलाय, अर्धा तासपण नाय झाला."

आणि यतीनने शिकवल्याप्रमाणे, सगळ्यांना एकदाच ऐकू जावं म्हणून तो खुर्चीवरून उठला, खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सावेंकडचा जवाब. पत्रिका आम्ही बघितलेली नाही. मला दर्शन पसंत आहे. त्याला मी पसंत असेन तर त्याने स्वतः येऊन सांगावं. बोलणारी, अदिती सावे."

ट्रकवाल्याने विचारलं, हे माझ्या घरी सांगायचं का? चिमण म्हणाला, सावेंच्या नंबरावर आज हाच एक जवाब आहे, सगळ्यांना हाच. म्हणजे तिकडे अच्छाडला ढाब्यावरच्या माणसाला हाच, वाढवणला बोटीची चौकशी करणाऱ्या कोळणीला हाच, रूपीच्या स्थळांनाही हाच.

एकनाथरावांची मान खाली गेली. सगळ्या तालुक्याने ऐकलं होतं आता. त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी. मग त्यांना दुसरंच वाटलं आणि ते पहिल्यापेक्षा जास्त लागलं. सुरतेच्या बायका, ढाब्याचा साडू, गल्लीतला प्रत्येक जण, सगळे आपल्या फोनवर बोलले. आपण सगळ्यांना बोलवायला धावलो. हिला एकदाही विचारलं नाही.

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. दर्शनने वडिलांकडे बघितलं नाही, बहुतेक बघायचं धैर्य नव्हतं, आणि तो वापीच्या हमरस्त्याकडे न जाता डहाणूच्या रस्त्याला वळला. गोविंदराव तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"निघाला," ते म्हणाले. "आम्ही घरात विचार करत बसलो आणि तो निघालासुद्धा." मग ते चिमणकडे वळले. "माझा जवाब घे. सांग, राऊत दोघंही मसोलीला जेवायला येतायत."

हा निरोप कुठे कुठे पाठवू, असं चिमणने विचारलं. गोविंदराव म्हणाले, तिने जिथे जिथे पाठवलाय तिथे तिथे.

एकनाथरावांना रडू आलं आणि त्यांनी ते एसटीच्या रांगेत उभं राहून, कुणापासून न लपवता रडून घेतलं. गोविंदरावांनी त्यांचं तिकीट काढलं.