सुईच्या टोकावरचा कण

ताऱ्यांमधल्या पोकळीतून आलेला धुळीचा कण काचेच्या सुईच्या टोकाला चिकटला होता, आणि नाजिमा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून श्वास रोखून बसली होती. अंतराळयानानं असे कण धुरासारख्या हलक्या एरोजेलच्या वड्यांत पकडून आणले होते. त्यातल्या दोन वड्या, प्रत्येकीत एकेक कण, पुण्याच्या या प्रयोगशाळेच्या वाट्याला आल्या होत्या. खोलीतला पंखा बंद, तोंडाला मास्क. साधा श्वास लागला तरी कण उडणार होता.

"हे कुणी केलं?" मागे रणजित सर विचारत होते. प्रयोगशाळा त्यांची.

"मीच, साहेब," वैजनाथकाका म्हणाले. "आज खंडेनवमी ना. यंत्राची पूजा केली."

काकांनी बिबवेवाडीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म लेथला हळदकुंकू वाहिलं, निवृत्तीनंतर इथली यंत्रं सांभाळली. आज दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाला वाहिलं, ते खालच्या उघड्या वडीवर सांडलं. ती वडी वाया गेली.

रणजित सर मोठे विद्वान. विज्ञान माणसाला नम्र करतं, असं भाषणात सांगायचे. त्यांनी काकांच्या तोंडावर ठोसा हाणला. दात फरशीवर पडल्याचा आवाज नाजिमानं ऐकला. मग लाथा सुरू झाल्या.

"सर, सोडा त्यांना," ती ओठ न हलवता म्हणाली.

"तू हलू नकोस. आता तेवढा एकच उरलाय."

तिची दोन वर्षं, तिची पीएचडी त्या टोकावर होती. सुई धरलेला हात तिथंच राहिला आणि त्या हाताची तिला किळस आली. सुट्टीमुळे इमारतीत हाक मारायलाही कुणी नव्हतं. काकांचं कण्हणं थांबलं, घरघर सुरू झाली. तिनं वळून पाहिलं. सर त्यांच्या छातीवर बसून गळा आवळत होते. काकांच्या टाचा फरशीवर घासत होत्या.

"सर, इकडे बघा."

त्यांनी मान वर केली. नाजिमानं मास्क खाली ओढला आणि सुईवर फुंकर मारली.

गळ्यावरचे हात सुटले. सर गुडघ्यांवर, तळहातांवर रांगत आले आणि डोळ्यांना न दिसणारी ती धूळ फरशीवर शोधू लागले. वाटेतलं काकांचं रक्त त्यांनी बाहीनं बाजूला सारलं.

नाजिमा काकांजवळ बसली. त्यांच्या फुटक्या ओठांमधून श्वास बाहेर आला, तिच्या गालाला लागला. तिनं तोंड बाजूला केलं नाही.