तीन मळकी चाके आणि मी

मित्रांनो, मी गाडीचे एक जुने चाक आहे, पुढचे, डावे. चाकाची गोष्ट सरळ सांगता येत नाही, ती फिरून फिरून त्याच जागी येते. म्हणून पॉलिश पेपरच्या नंबरांनी सांगतो. नंबर लहान, तेवढा पेपर खरखरीत.

१२०

वितळलेला धातू साच्यात ओतला आणि आम्ही चार भावंडे जन्मलो. चौघे एकाच गाडीला लागलो. एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने धावलो. पण आमची गाठ कधी पडली नाही.

मालक निवृत्त बस ड्रायव्हर. चौतीस वर्षे बस चालवली, तिला ओरखडा येऊ दिला नाही. शेजारी त्यांना 'पायलट' म्हणत. बायको गेल्यावर घरात उरले ते, आणि खिळ्याला टांगलेली गाडीची किल्ली.

गेल्या वर्षी एका वळणावर मी फुटपाथच्या कडेला घासलो. मग पुन्हा. मग पुन्हा, त्याच कोपऱ्यावर. डावीकडचे त्यांना नीट दिसत नव्हते. हे मला कळले होते, पण चाकाला कुठे तोंड असते?

लेकीने फोनवर बजावले होते, "बाबा, गाडीला कुठे खरचटलेलं दिसलं ना, तर किल्ली मी घेऊन जाणार." ती रविवारी येणार होती.

४००

शनिवारी सकाळी पायलट माझ्यासमोर पाट टाकून बसले. मला साबणाने धुतले, कड घासली, खड्ड्यांत पुट्टी भरली. ती सुकल्यावर पाणी लावून पुन्हा घासली. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि माझी कड यांच्या फटीत पत्ते खोचले, गोल, एकाला एक लागून. नवराबायको रोज रमी खेळायचे तोच जोड. इस्पिकची राणी हातात आली तसे ते थांबले.

"ही तू मांडीखाली लपवायचीस," ते म्हणाले. तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते.

"काय पायलट, चाकाचं लग्न ठरलं की काय?" शेजारीण गॅलरीतून ओरडली.

"हो ना! उद्या बघायला येणार आहेत!"

मग चंदेरी रंगाचे पातळ थर, वर चमक. इतक्या जपून मला कधी कोणी हात लावला नव्हता. संध्याकाळी त्यांनी पत्ते काढून घेतले, पुसले, डबीत ठेवले. मोजले मात्र नाहीत.

१०००

लेक आली. गाडीभोवती फिरली आणि माझ्यापाशी थांबली. तीन चाके चिखलाने मळकी, मी एकटा लखलखीत. आयुष्यात पहिल्यांदाच वाटले, आपणही मळके असतो तर!

"एकच चाक धुतलंत?"

"वेळ नाही पुरला गं."

ती खाली वाकली. "बाबा, एक पत्ता राहिलाय."

"कुठे?"

"हा काय, डावीकडे. समोरच."

पायलट गुडघ्यावर बसले. त्यांनी तो डोळ्यांनी शोधला, मग हाताने. बोटे माझ्या कडेवरून हळूहळू सरकत गेली आणि पत्त्याला अडली. इस्पिकची राणी. लेकीने आईचा पत्ता ओळखला.

पायलट आत गेले. किल्ली आणून त्यांनी स्वतःच तिच्या हातात ठेवली. "बसमध्ये असा ड्रायव्हर असता, तर मीच त्याला खाली उतरवलं असतं."

जाताना लेकीने गाडीला कुलूप लावले नाही. त्यांना आत बसावेसे वाटले तर, म्हणून.

पेपर नाही

आता आम्ही कापडाखाली उभे असतो. मित्रांनो, उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबून चपटे होतात. म्हणून पायलट दर रविवारी येतात, हँडब्रेक सोडतात आणि खांदा लावून गाडी एक वीत ढकलतात. एका रविवारी पुढे, एका रविवारी मागे. मग दम खात माझ्याशेजारी पाटावर बसतात. माझी कड चाचपतात.

त्यांना हलवायला कोणी येत नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कोणीतरी असेच उभे असेल. मोठे काही करू नका. रविवारी जा, पत्त्यांचा जोड घेऊन जा. एक वीत पुरते.