तिसऱ्या माईकने ऐकलेलं पहिलं वाक्य

बोलणं माझं काम नव्हे, मी ऐकणारा. पण आज मलाही थोडं सांगायचं आहे. मी तोक्योमधल्या एका लहानशा स्टुडिओतला तिसरा माईक. कार्टूनमधल्या माणसांना आवाज देणारे कलाकार माझ्यासमोर उभे राहतात.

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा मला वाटलं, इथे नुसता आरडाओरडा असेल. पण इथली पहिली विद्या आवाज न करण्याची! माईक तीन, कलाकार आठ. एकाचं बोलून झालं की तो मांजरीच्या पावलांनी मागे सरतो आणि दुसरा पुढे येतो. सळसळणारे कपडे कुणी घालत नाही. संहितेचं पान उलटतात तेही मला कळू न देता. आणि आत येण्याआधी सगळे भाताचा एखादा गोळा खातातच, कारण रिकामं पोट बोलतं आणि मी ते ऐकतो.

त्या वर्षी एक गमतीदार मालिका चालू होती. चार मैत्रिणी आपापल्या घरून इंटरनेटवर एकच खेळ खेळायच्या. राक्षसाशी लढता लढता आईची हाक आली, की त्याला तसाच सोडून जेवायला पळायच्या. लहानथोर सगळे एकत्र बसून ती मालिका बघत. चौथी मैत्रीण नानो. खेळात ती चिलखत घातलेली धिप्पाड योद्धा, पण इतकी लाजाळू की मैत्रिणींशी फक्त टाइप करून बोलायची. दहाव्या भागात ती पहिल्यांदा तोंड उघडणार होती : "मी पण आहे इथे!"

नानोचा आवाज होती चिगुसा. एकोणीस वर्षांची, नवखी, म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर बसणारी. नऊ भागांत तिच्या वाट्याला फक्त उसासे आले होते.

दहाव्या भागाच्या रेकॉर्डिंगला दोनदा तिचं वाक्य मलाही ऐकू आलं नाही. काचेपलीकडून दिग्दर्शक वाकुई म्हणाले, "आता शेवटचं. नाही जमलं तर वाक्य पडद्यावर अक्षरांतच दाखवू."

चिगुसा पुढे आली. तिने श्वास घेतला आणि... गुर्रर्र!

धास्तीने ती सकाळपासून जेवलीच नव्हती.

"अहो, माझंच पोट ते!" आजीची भूमिका करणाऱ्या तोकिएसान पटकन म्हणाल्या. "म्हातारपणी हे असंच, मेलं."

"तोकिएसान, तुम्ही आत्ताच दोन गोळे खाल्लेत. मी बघितलंय," वाकुई म्हणाले.

"बघा बाई, यांचं लक्ष कशावर असतं ते!"

खरं काय ते मला ठाऊक होतं. चिगुसा गप्प राहिली असती तरी तोकिएसाननी निभावून नेलं असतं. पण ती कमरेत वाकली आणि जीव खाऊन ओरडली, "माझं पोट होतं! माफ करा!"

माझे कान दणाणले.

"अगं, हाच आवाज! इतके दिवस कुठे दडवला होतास?" वाकुई खुर्चीतून उठलेच. "हां, आता वाक्य!"

डोळे भरलेले, गाल लाल, ओठांवर हसू. तशीच चिगुसा म्हणाली, "मी पण आहे इथे!"

अक्षरांची गरज उरली नाही.

आता चिगुसा मधल्या माईकवर बोलते. माझ्या जाळीला पोचे पडले आहेत, म्हणून मला सरावाच्या खोलीत ठेवलंय. तिथे नवख्या मुली येतात आणि माझ्यापासून हातभर लांब उभ्या राहतात. मुलींनो, जरा पुढे या ना. चुकलात तरी मी आजवर कुणाला हसलेलो नाही.